ब बसला चुलीपाशी

१४ जानेवारी
उणे अठरा! दोब्रिलाझचा घाट बंद होऊन आज पाचवा दिवस. वर गावात इन्सुलिनवर जगणारी सात माणसं — त्यांतली एक माझी राईना. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी, दटावते मात्र थोरलीसारखी. सकाळी वायरलेसवर म्हणाली, "चार दिवसांचं उरलंय, दादा. कविता म्हणत बसू नकोस, औषध पाठव."

मदतीचा ट्रक संध्याकाळी येतोय. ड्रायव्हर परदेशी.

घाटाखालच्या ज्या चार कोठारांचा मी राखणदार, त्यांच्या दारांवरची अक्षरं मीच रंगवली, पानगळीत. अ, ब, व, ग — आपल्या लिपीतली А, Б, В, Г, टपोरी. झोर्नित्सा, आमची साहेबीण, तेव्हाच म्हणाली होती, "आजोबा, आकडे टाका. तुमची मुळाक्षरं बाहेरच्यांना कोण शिकवणार?" आकड्यांत कसली आलीय गंमत! दुसऱ्या कोठारात शेगडी आहे, तिसऱ्यात नुसता वारा. वायरलेसवर राईनालाही सांगितलं, शाळेतलं गाणं तंतोतंत बसलं —
ब बसला चुलीपाशी,
व गेला वाऱ्यावर!
बर्फातून शाळेत जाताना राईनाला मीच शिकवलं होतं ते. तिच्या लाल हातमोज्यांना दोरी बांधलेली असायची.

१५ जानेवारी
काय करून बसलो!

काल ट्रक आला तेव्हा मी फाटकाजवळच्या माझ्या खोलीत घेवड्याचं सूप पीत होतो. ड्रायव्हरनं कागद पुढे केला. त्यावर त्यांच्या लिपीतला 'बी' (B), म्हणजे आपला ब. उठून दार दाखवायला हवं होतं. मी नुसता हात केला — दारावर लिहिलंय, बघ. आणि पुन्हा ते हातमोजे आठवत बसलो.

आज उजाडता तिसऱ्या कोठारात शिरलो. श्वास मिशांवर गोठत होता. चार नवी खोकी. सवयीनं खडू काढला, कारण माल जिथं उतरतो तिथलं अक्षर मी खोक्यावर घालतो. व, व, व... चौथ्या खोक्यापाशी लेबल वाचलं. इन्सुलिन!

आपल्या 'व'ला (В) दोन पोटं. त्यांच्या 'बी'लाही दोन पोटं. बिचाऱ्यानं त्याच्या शाळेत शिकवलं तेच वाचलं!

खोकी ओढत शेगडीपाशी आणली. 'व'चं वरचं पोट अंगठ्यानं पुसलं, वर आडवी रेघ मारली. झाला ब (Б). गोठलेलं इन्सुलिन म्हणजे पाणी — दिसायला तसंच, टोचूनही न टोचल्यासारखं. एक कुपी खिडकीशी धरली. आत बारीक काचकण तरंगताना दिसले. की माझा मोतीबिंदूच?

नऊ वाजता वनखात्याचा बर्फातून चालणारा ट्रॅक्टर दाराशी लागला. झोर्नित्सानं विचारलं, "माल रात्रभर उबेत होता ना, आजोबा?"

मी मान आडवी हलवली. आमच्याकडे तोच होकार. तो परदेशी ड्रायव्हर तिथं असता तर नकार समजून थांबला असता!

खोकी गेली.

१६ जानेवारी
वर वादळ. वायरलेस मुका.

१७ जानेवारी
ट्रॅक्टरवाला गेन्को परतला. मोठमोठ्यानं हसत होता. "तुमच्या बहिणीनं खोकी उतरवून घेतली आणि बसली की अक्षरं निरखत! म्हटलं, खाणच एक. दोघांनाही अक्षरांचं वेड!"

हसलो मी. 

टोचलं असेल. पाणी टोचून सगळे निर्धास्त झोपले असतील. साखर आतल्या आत चढते, राईनानंच सांगितलंय — आधी तहान लागते, मग ग्लानी. आज तिचा चौथा दिवस. आणि मी इथं कशाला भितोय? कामावरून काढतील याला! सत्तर वर्षांचा घोडा!

१८ जानेवारी
सांगून टाकलं.

 झोर्नित्सा हळूच म्हणाली, "तीन दिवस, आजोबा?"

"घाबरलो, पोरी."

"मी नसते का घाबरले? पण दोघांनी मिळून घाबरलो असतो!" आणि फोनवर तुटून पडली. जिल्ह्याच्या इस्पितळानं नवा साठा दिलाय. हेलिकॉप्टर तयार आहे, पण ढग हटल्याशिवाय उडणार नाही. वायरलेसवर ती दर तासाला ओरडतेय — ते औषध टोचू नका! टोचू नका! वर कोणी ऐकतंय का, देव जाणे.

दारावरची अक्षरं खरवडायला घेतली. रंग निघत नाही.

१९ जानेवारी
ढग. शाळेतल्या गाण्याची एकही ओळ आठवत नाही.

२० जानेवारी
दुपारी वर गावात हेलिकॉप्टर उतरलं. मागोमाग वायरलेसवर वरची नर्स बोलली — सातही जण आहेत! थकलेत, पण शुद्धीवर आहेत. त्या खोक्यांतलं कोणी टोचलंच नाही. जुनं उरलेलं अर्धं-अर्धं करून सगळ्यांनी वाटून घेतलं. पहिल्याच दिवशी राईना खोक्यांवर बसून राहिली, कोणाला हात लावू देईना. म्हणाली, "खालचं पोट 'व'चं आहे, वाऱ्यावरच्या. माझा दादा अक्षर कधी खोडत नाही. खोडलंय, म्हणजे घाबरलाय."