टोपणांवरच्या खुणा

बाबा, तुम्हाला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नव्हता, हे मला परवा कळलं. तेही तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर.

मी तुमचं चित्र काढायला घेतलंय. आधी शाईच्या रेघा, त्या वाळल्या की वरून तेलरंगाचा पातळ हात, तुम्ही स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना द्यायचे तसा. सामानासाठी गोंदियाचा सगळा बाजार पालथा घातला. टाक आणि निब मागितले तर दुकानदार हसला, "मॅडम, ये अब कौन लेता है?" पण माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेला खोका घेऊनच उतरला. न पसरणारी काळी शाई मिळाली, जाड गुळगुळीत कागद मिळाला. टर्पेंटाइन, कापूस, तेलरंगाच्या ट्यूबा, सगळं पिशवीत भरून कामठ्याला आईकडे आले.

आईनं पिशवी ओसरीवर उपडी केली. तुमच्या मागं तिनं रंगांना हात लावलेला मी पाहिला नव्हता. एकेक ट्यूब तिनं डोळ्यांजवळ नेली, मग शिवणाच्या डब्यातून सुई काढली आणि टोपणांवर ओरखडे काढू लागली.

"काय करून रायली, आई?"

"खुणा. लालले रेघ, हिरव्याले फुली. नाहीतर तुह्या बाबाले कुठं समजे?"

"काय नाही समजे?"

"लाल-हिरवा. दोन्ही त्याईले मातीवानीच दिसे."

मी फुली काढलेली एक ट्यूब उचलून पाहिली. ती मात्र सुई चालवतच होती.

"मले कायले नाही सांगितलं?"

"स्टुडिओच्या मालकानं काढून टाकलं असतं. ज्याले रंग दिसत नाही, त्याच्या हाती कोण फोटो देते? अन् तू पोट्टी, गावभर केलं असतं."

तेव्हापासून मी स्टुडिओची ती मागची खोली पुन्हापुन्हा बघते आहे. टर्पेंटाइनचा वास, खिडकीखाली तुमचं टेबल, दुपारी डबा घेऊन आलेली आई. तुमचं जेवण झालं तरी ती निघत नसे. एखाद्या नवरीचा फोटो समोर असला की म्हणायची, "शालू लाल असेल, नाही का?" आणि बोलता बोलता एक ट्यूब तुमच्याकडे सरकवायची. सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथेच कोपऱ्यात बसलेली असायची. मला वाटे, ती तुमच्याशी गप्पा मारते. गिऱ्हाईक म्हणायचं, "क्या हाथ है!" तुम्ही मान खाली घालायचे. मी त्याला विनय समजले.

आणि तो दिवस. खेळता खेळता मी सगळ्या ट्यूबांची टोपणं काढली आणि मनाला येईल तशी बसवली. तुम्ही एवढ्या जोरानं ओरडलात की बाहेर फोटोसाठी बसलेलं कुटुंब उठून उभं राहिलं. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. मग पायरीवर जाऊन बसलात, डोकं धरून, आई येईपर्यंत. मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा ट्यूबा प्याऱ्या. तुम्ही रागावला नव्हतात बाबा. तुम्ही घाबरला होतात.

पुढे मी रंगीत चित्रं काढून आणायची. तुम्ही ती बराच वेळ धरून ठेवायचे, आणि "छान" म्हणून परत द्यायचे. मग एका दिवाळीला मला टाक आणि शाईची दौत आणून दिलीत. म्हणालात, "पहिले रेघ शीक. रंग मग पाहू." मी ते शिस्त म्हणून घेतलं. शाळेत चित्रकला शिकवते, तर पोरांनाही तेच सांगत आले, रेघ आधी, रंग मागून. आता कळतं, तुम्हाला माझं चित्र पुरतं बघायचं होतं. काळ्या रेघेत ते तुम्हाला सगळं दिसत होतं. एकदा मी शाईनं काढलेल्या बोरीच्या झाडावर तुम्ही बोट फिरवत म्हणाला होतात, "हा काटा पाहून रायलो मी, टोचते की." तसं माझ्या एकाही रंगीत चित्राला म्हणाला नाहीत.

तुमच्या चेहऱ्याच्या रेघा पुऱ्या झाल्यात. शाई वाळली आहे. रंगाची ट्यूब उघडायला हात धजत नाही.

आई आत भाजी चिरते आहे. काय लिहून रायली म्हणून तिनं विचारलं, मी काही नाही म्हटलं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तिला वाचूनही दाखवायचं नाही. कारण तुमचा राग आला नाही मला, बाबा. तुमचं हे गुपित तिच्या एकटीचं होतं, मला तिचा हेवा वाटला.