शिवणकक्षाच्या खिडकीची एक फळी काढण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
वस्त्रभांडार विभाग,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : तळमजल्यावरील शिवणकक्षाच्या अंगणाकडील खिडकीची निदान एक फळी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) नाकाच्या त्रासाबाबत माझा पूर्वीचा अर्ज व सोबतची डॉक्टरांची चिठ्ठी.
२) त्यावर आपण तत्परतेने केलेली कार्यवाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी आपल्या विभागात फाटक्या चादरी व अभ्रे शिवण्याचे काम करते. हिवाळ्यात धुलाईहून आलेला गठ्ठा सोडला की माझे नाक एकाएकी झोंबू लागे. आतून कुणी सुई टोचावी तसे. मग डोळ्यांना धार आणि शिंकांवर शिंका. आपल्या सूचनेवरून मी डॉक्टरांची चिठ्ठी आणली. डॉक्टरबाईंनी लिहिले होते की, असा त्रास अचानक होण्याची सर्वसाधारण कारणे म्हणजे धूळ, कोरडी गार हवा, उग्र वास आणि सर्दीचा संसर्ग. यांपैकी नेमके कोणते ते पाहावे.

ते पाहायचे राहून गेले. चारही कारणे मात्र एकेक करून दूर करण्यात आली.

१. धुळीसाठी खिडकीला फळ्या ठोकल्या व फटींवर चिकटपट्टी लावली. सुतार जाताना म्हणाले, "ताई, आता धुळीचा कणसुद्धा आत येणार नाही बघा." त्यांचे म्हणणे खरे ठरले. धूळ येत नाही, ऊन येत नाही, चिमणीचा आवाजही येत नाही.

२. गार हवेसाठी पंखा उतरवला. आता छताला नुसता आकडा आहे.

३. उग्र वासासाठी माझ्या जोडीला बसणाऱ्या काकूंची वरच्या मजल्यावर बदली झाली, कारण त्या केसांना तेल लावतात. माझ्या अर्जात तेलाचा उल्लेख नव्हता. तो वास मला आवडे. गाठोडे उचलताना काकू म्हणाल्या, "माझ्या डोक्याला वास येतो हे नवऱ्याला जन्मात कळलं नाही गं, तुझ्या साहेबांना बरं कळलं!" आम्ही दोघी हसलो आणि मग त्या गेल्या.

४. संसर्गासाठी दार बंद ठेवण्याचा आदेश निघाला. जेवणाच्या सुट्टीखेरीज बाहेर पडायचे तर आपल्या सहीचा पास लागतो. आपण तिसऱ्या मजल्यावर बसता. पास आणायला बाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडायला पास लागतो.

महोदय, त्या खिडकीतून धूळ येई हे मी नाकारत नाही. परंतु तिच्यातून अंगणापलीकडचे कर्मचाऱ्यांचे पाळणाघर दिसे, हे पहिल्या अर्जात लिहायचे मला सुचले नाही. तिथे माझी लेक असते. तिला अजून दात नाहीत, ती अंगावर पिते. शिवणकक्षात मोबाइल आणायला मनाई आहे, म्हणून पाळणाघराच्या मावशींनी दोरीवरची खूण ठरवली होती. पांढरे फडके म्हणजे झोपली आहे, लाल म्हणजे भूक लागली आहे. टाका घालता घालता मी मान वर करी. लाल दिसले की काकू म्हणत, "ऊठ, माझी सुई चालतेय तोवर तुझीही चालतेय असं समज." मी अंगण ओलांडून जाई, लेकीला पाजून येई. आपल्या कामाचा एकही गठ्ठा त्यापायी कधी राहिला नाही.

आता माझ्यासमोर फळी आहे. तिच्यापलीकडे कोणते फडके आहे ते मला कळत नाही. टाका घालताना वाटते, पांढरे असेल. दोरा तोडताना वाटते, लाल असेल. परवा संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "अगं, लाल फडकं दुपारभर लोंबत होतं. वाटीने दूध दिलं तर तोंड फिरवते. इतर पोरं टाकून मी तुला हाक मारायला येऊ कशी? रडून रडून झोपली तुझी बया." मी तिला उचलले तेव्हा झोपेतही तिला हुंदके येत होते. माझा पदर दुधाने भिजून वाळला होता.

नाकाचे म्हणाल तर ते अजून झोंबते, पूर्वीहून अधिक. धुलाईच्या मुकादमांना विचारले तर ते सरळ म्हणाले, "कपडे वाढलेत, माणसं तेवढीच. शेवटचं स्वच्छ पाणी द्यायला सवड कुणाला आहे? पावडर राहते थोडी." तो दर्प आधी खिडकीवाटे निघून जाई, आता माझ्याजवळ बसून राहतो. तरीही नाकाची तक्रार मी या अर्जान्वये मागे घेत आहे. मला शिंका येऊ द्याव्यात. पंखा नसला तरी चालेल. फक्त खालून दुसरी फळी काढावी आणि लाल फडके दिसले की तोच माझा पास समजावा. बसल्या जागेवरून दोरी तेवढ्यातून दिसते, हे मी भिंतीला डोके टेकवून मोजून पाहिले आहे.

डॉक्टरबाईंच्या चिठ्ठीत एक कारण लिहायचे राहिले, ते प्रामाणिकपणे कळवते. रडू दाबून धरले तरी नाक असेच झोंबते. हल्ली माझा त्रास बहुतांशी त्याच कारणाने आहे.

हे कारण दूर करण्यासाठी कृपया पाळणाघर हलवू नये.

उत्तराची वाट फळीकडे पाहत बघणारी,
आपली नम्र,
(सही)
शिवणकाम करणारी, तळमजला

दिनांक : आजचाच. हा अर्ज गठ्ठे नेणाऱ्या शिपाईदादांच्या हाती देत आहे.

सोबत : लाल फडक्याचा एक तुकडा. फळी काढल्यावर हा रंग आपल्या सुतारांना आत बसून दिसतो का, ते कृपया पाहावे.