दोन्ही पट्ट्यांवर काजं

अण्णा, तुमच्या दुकानात आता चाचा एकटेच बसतात. तुमच्या शेजारी पोत्यावर बसून आयुष्यभर काज-बटन केलं, तेच चाचा. हट्टा गावातलं आपलं दुकान आहे तसंच आहे. मशीनला मोटर आली आणि खिळ्यावरचा तो सदरा पिवळा पडला, एवढाच फरक. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी दहावी अर्ध्यात सोडली, हैदराबादेत हॉटेलात टेबलं पुसली, नांदेडला मोबाइलची कव्हरं विकली, कुठंतरी महिनाभर मंडप बांधले. एकही काम शेवटाला नेलं नाही. आई म्हणते, ह्याच्या पायाला भिंगरी हाय. खरं आहे. पण ह्या खेपेला एक गोष्ट शेवटाला नेली, ती तुम्हाला सांगायची आहे.

आधी खिळ्यावरच्या सदऱ्याचं. त्या दुपारी तुम्ही कापड कापताय आणि गोष्ट चालू आहे. राक्षस आपल्या दुकानात आलाय, सदरा शिवायला. तुम्ही त्याचे दात सांगत नाही, डोळे सांगत नाही. खडूनं रेघ मारत नेहमीच्या आवाजात म्हणता, "छातीला टेप पुरंना, मंग दुसरी जोडली. बगलेत चिमणीचं खोपं होतं त्याच्या. म्हनला, मास्तर, बाही ढिली ठेवा, पिल्लं हायेत." चाचा एका गुरुजींच्या सदऱ्याला काजं करून राहिले होते. राक्षस माप देऊन गेला तेव्हा त्यांनी खाली बघितलं, तर डाव्या पट्टीवर काजं आणि उजव्या पट्टीवरही काजं. बटनाला जागाच नाही. "तौबा, मास्तर, हे काय झालं माझ्या हातून," म्हणून ते कपाळावर हात मारून घेतात आणि तुम्ही मात्र हसून हसून कात्री खाली ठेवता. गुरुजींना तुम्ही दुसरा सदरा शिवून दिला आणि हा खिळ्याला टांगला. "वा वा तं कोनीबी म्हनतं," तुम्ही म्हणालात. "चाच्याचा हात कधी चुकत न्हाई. आज चुकला, म्हंजी चाचा हितं नव्हताच."

तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नाही. सातवीत असताना मी माझा राक्षस लिहिला, तो कराल होता, विक्राळ होता, गगनभेदी गर्जना करत होता. मी उभा राहून तुम्हाला वाचून दाखवला. तुम्ही दातानं दोरा तोडला आणि म्हणालात, "कापड भारी हाय पोरा. पर आत माणूस न्हाई." मी न जेवता वसमतच्या रस्त्यानं चालत सुटलो. पुढं टरबुजांची गाडी उलटली होती, ती उचलायला लागलो आणि राग तिथंच राहिला. ते वाक्य मात्र बरोबर आलं, हैदराबादेपर्यंत आलं.

हॉटेलात सुट्टी मिळाली की मी अद्भुत कादंबऱ्या वाचायचो, ज्यांना आता सगळे फँटसी म्हणतात. स्टेशनवर जुन्या मिळायच्या, काही मोबाइलवर. एकीत तीन पानं नुसता मुकुटच होता, हिरे, माणकं, सोन्याची वेलबुट्टी, आणि मी आपला रेल्वेच्या डब्यात बाकावरच बसलेलो, बाजूची बाई मुलाला केळं सोलून देत होती तेही मला दिसत होतं. दुसरीत एक चेटकीण पहिल्याच ओळीत कुरकुरते की लाकडं ओली आलीत, धूर डोळ्यांत जातोय. तेवढंच. मी परभणीला उतरायचा तो पुढं कुठंतरी उतरलो. तिथल्या प्लॅटफॉर्मवर मला तुमची आठवण झाली. राज्य किती मोठं आहे ह्यानं काही होत नाही, सांगणारा कोण आहे ह्यानं होतं. सांगणाऱ्याला स्वतःलाच नवल वाटत बसलं की ऐकणारा बाहेर राहतो. सांगणाऱ्याला ते रोजचं वाटलं पाहिजे, म्हणजे ऐकणारा कधी आत आला ते त्यालाही कळत नाही.

पण कळलं तरी हाताला वळण लागायला वेळ लागतो. गावी परतून मी तसलीच एक कादंबरी लिहायला घेतली आणि तिची पहिली वही चाचांना वाचून दाखवली. "बराबर हाय बेटा," ते म्हणाले. सुई एकदाही थांबली नव्हती. "च्या सांग आता." मी मनाशी ठरवलं, अजून एकदाच. ह्यानंतरही चाचा दुकानातच बसून राहिले तर वही रद्दीत आणि मी हैदराबादेत. मग शिरड शहापूरला मावशीच्या शेतातल्या खोलीत राहिलो आणि सगळं पुन्हा लिहिलं. ह्या वेळी सांगणारा एक शिंपी केला. तो राज्य मापानं ओळखतो. राणी रडते असं तो म्हणतच नाही, तिच्या डाव्या बाहीचं टोक रोज ओलं असतं म्हणतो. विशेषणं मी शेंगांच्या टरफलांसारखी काढून टाकली. मधे दोनदा पळून जावंसं वाटलं, एकदा गेलोही, नरसीपर्यंत. तिथं चहा पिऊन परत आलो.

मागच्या आठवड्यात दुपारी चाचांसमोर बसून नवी वही वाचायला लागलो. ते माझ्याच नव्या सदऱ्याला काजं करत होते. राणी मापं द्यायला उभी राहिली आणि शिंप्याला तिच्या पाठीवर, कापडाखाली, मिटलेले पंख लागले. त्यानं फक्त पाठीला कापड चार बोटं जास्त धरलं. मी थांबलो. चाचा रस्त्याकडं बघत होते.

"काहून थांबला?" ते म्हणाले. "दुसऱ्या कोनाला सांगितलं का त्यानं?"

"न्हाई चाचा."

"नगं सांगू म्हनाव. राजाची मानसं हिंडून राहिली असतील." मग त्यांनी मांडीवर बघितलं. दोन्ही पट्ट्या. त्यांनी खिळ्याकडं बोट केलं. "तुझ्या बापानं एकदा केलं हे. आता तू."

अण्णा, तोच सदरा घालून हे लिहितोय. बटनच नाही, छाती उघडीच राहते, आणि मी गावभर तसाच हिंडलो. हा कागद खिळ्यावरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू. फक्त एक चाचांना सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. उजव्या पट्टीवर त्यांनी पहिलं काज कापलं ते मला दिसलं होतं. मी वाचत राहिलो.