मक्यात उभा राहिलेला अर्जदार

४ सप्टेंबर
पीक-अनुदान कार्यालयाच्या वरिष्ठ लिपिकपदी विराजमान असलेल्या अस्मादिकांच्या ज्येष्ठ बंधूंनीच अनुदान मागितले आहे. मक्याचे. पेरणीला दादा धडधाकट होता. आजार मागाहून अवतरला. आता खाटेवरून न्हाणीपर्यंतही चालवत नाही. आणि नियम असा – अर्जदाराने स्वतःच्या पिकात उभे राहावे, छायाचित्राच्या चौकटीत अन्य कोणीही नसावे.
नियमाचे जनक? आम्हीच. लोक सहकुटुंब सहपरिवार उभे राहत. एकदा शेळीही होती. 'शेळी लाभार्थी नाही' हा आमचा शेरा कार्यालयात अद्याप सुभाषितासारखा उद्धृत होतो.
दादाला म्हटले, "यंदा सोड. पैसे मी देतो."
"तुझे पैसे कशाला? पेरलंय मी, उभा मीच राहणार. शेवटचं पीक आहे, माझ्या नावावर लागू दे."
वहिनी पदराने भांडे पुसत म्हणाल्या, "आधी यांना उभं करून दाखवा, भाऊजी. मग नियम सांगा."

९ सप्टेंबर
उभा केला!
मका पुरुषभर उंच. अस्मादिक दादाच्या पाठीशी ताटांमध्ये अंतर्धान पावले. दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. लहानपणी हाच मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडत असे. आता त्याचे वजन – उपमा सुचली. लिहीत नाही.
वहिनींनी मोबाइल रोखला. "हसा की जरा."
"हसतोय ना. हा मागून गुदगुल्या करतोय."
वस्तुतः मी रडत होतो. निःशब्द, शासकीय शिस्तीत.

१२ सप्टेंबर
आप्तांचे प्रकरण आम्हांस वर्ज्य, म्हणून ते नव्या अधिकारी बाईंकडे गेले. त्यांनी पाचारण केले. पडद्यावर छायाचित्र मोठे करून म्हणाल्या, "भाऊसाहेब, यांच्या कमरेवर हे हात कोणाचे?"
"पिकाचे," आम्ही उत्तरलो.
"पिकाला घड्याळ?"
आम्ही मनगट पाठीमागे नेले.
"नियम तुमचाच आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नाकारत नाही. फेरतपासणी लावते. मी स्वतः येईन."
दादाला वृत्तांत निवेदन केला. तो हसला, हसता हसता खोकला, मग पुन्हा हसला. "एवढा मोठा साहेब, आणि घड्याळ काढायचं कळेना? पुढच्या खेपेला काढ, बावळटा."

१५ सप्टेंबर
घड्याळ काढून ठेवले आहे.

१९ सप्टेंबर
दादा गेला.
विशेषण सापडत नाही.

२७ सप्टेंबर
वारस म्हणून वहिनी आता अर्जदार. म्हणाल्या, "मी नाही जायची मक्यात. तिथं ते उभे आहेत अजून." मग चहा टाकला, तीन कप ओतले. तिसरा दोघांनीही पाहिला नाही असे केले. निघताना दारापर्यंत आल्या – "पण शेवटचं पीक म्हणाले होते ना. येऊ दे तुमच्या बाईंना."

६ ऑक्टोबर
बाई आल्या. मका वाळला आहे, पण उभा आहे. वहिनी पिकात उभ्या राहिल्या, ताठ, एकट्या. मी मागे ताटांमध्ये – घड्याळ काढून, त्यांना भोवळ आलीच तर असावे म्हणून. आली नाही. तोल माझा गेला. वहिनींनी समोर पाहत हात मागे केला आणि माझे मनगट घट्ट धरले.
"चौकटीत एकच व्यक्ती दिसते," बाई म्हणाल्या, आणि छायाचित्र काढले.