छत्तीस इंच

५ जानेवारी २०२५, रविवार
सहाला उठलो. चहा. पेपर. परत चहा. दुपारी वरणभात. विजयाला जाऊन अकरा महिने होत आले.
संध्याकाळी श्रुतीचा नाशिकहून फोन. आईच्या वर्षश्राद्धाला सोनीला घेऊन येते म्हणाली. चार दिवस राहीन, पण झोपायला जागा असेल तर. तेराव्याला मायलेकी लॉजवर राहिल्या होत्या. म्हणाली, बाबा, आता लॉज नको. आपल्या घरी येऊन लॉजवर राहायला लाज वाटते. जागा होत नसेल तर स्पष्ट सांगा, सकाळच्या बसने येईन, जेवणं झाली की निघेन.
मी म्हटलं, जागा होईल. फोन ठेवला.
संकल्प : १६ फेब्रुवारीच्या आत घराचा प्रश्न कायमचा सोडवणे. एकतीस वर्षं सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. स्वतःच्या दोन खोल्या मला जड नाहीत.

७ जानेवारी
'लहान घर मोठं दिसण्याचे सात उपाय' हा व्हिडिओ दोनदा पाहिला. बोलणाऱ्या मुलीला मापाचं ज्ञान नाही, पण दोन उपाय बरे आहेत. एक, सोफा-कम-बेड. दोन, आरसा.
हॉल मोजला. दहा बाय बारा. ग्राफ पेपरवर प्लॅन काढला. रेषा अजून सरळ येते.
बेडरूम प्लॅनमध्ये घेतली नाही. तिथल्या पलंगावर विजयाच्या साड्या आहेत. श्रुतीने तेराव्यानंतर वाटायला म्हणून काढल्या, त्या तशाच. त्याची घाई नाही. मी हॉलमध्ये सतरंजीवर झोपतो. बेडरूममध्ये डास आहेत. शिवाय सतरंजी कण्याला चांगली.

१२ जानेवारी, रविवार
सुकदेव मिस्त्री येऊन गेला. नंदुरबारकडचा आहे, खडोलीला फर्निचरच्या कारखान्यात कामाला, रविवारी बाहेरची कामं घेतो. कारखान्यात सोफा-कम-बेडचा एक 'रिजेक्ट पीस' आहे म्हणाला. एका बाजूला पॉलिश उडालंय, बाकी माल एक नंबर.
त्याने सगळं घर पाहिलं. बेडरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, काका, बेड तर हाये की. ह्या साड्या उचलल्या का काम खतम. नवा कशाला?
मी त्याला ग्राफ पेपर दाखवला. त्याने तो उलटा धरला. अशा माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. समोरच्या प्रमिलाताई डबा घेऊन आल्या. शाळेत शिक्षिका आहेत, विजयाच्या मैत्रीण. म्हणाल्या, भावजी, तुमच्याकडे अजून वर्ष व्हायचंय म्हणून तिळगूळ देत नाही. हा नुसता डबा समजा. डब्यात चार गुळपोळ्या.
सोफ्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, वर्ष व्हायच्या आत घरात नवी वस्तू आणत नाहीत हो. मी म्हटलं, नवी नाही. रिजेक्ट आहे. कारखान्याने नाकारलेली वस्तू नवी कशी? त्या म्हणाल्या, सरकारी नोकरीत होता ते कळतं.
जाताना म्हणाल्या, दर संक्रांतीला विजयाताई गुळपोळ्या माझ्याच ओट्यावर लाटायच्या. यंदा एकटीनेच लाटल्या.
हे खरं आहे. सणावाराला विजया कणकेचा डबा घेऊन समोर जायची. स्वतःचा ग्रॅनाइटचा ओटा सोडून. मी बोलायचोही. पण तिला गप्पांची आवड होती.

१९ जानेवारी, रविवार
सोफा आला. जिन्याची रुंदी मी मोजली होती, वळण मोजलं नव्हतं. वळण हा वेगळा विषय आहे. शेवटी गॅलरीची जाळी काढून दोरीने वर घेतला. खालचे लोक बघत होते. कोणीतरी म्हणालं, काकांनी नवीन संसार मांडला काय? ऐकू आलं नाही असं दाखवलं.
सोफा ठेवल्यावर हलतो. म्हणजे फरशीला उतार आहे. सोफ्याचा दोष नाही.

२० जानेवारी
सोफ्यावर बसून पेपर वाचला. हलतो. संपादकीय दोनदा वाचावं लागलं.

२६ जानेवारी, रविवार
सुकदेव म्हणाला, चारही पायांखाली पॅकिंग लागेल. लाकूड जुनं पाहिजे, नवं आकसतं. घरात बघितलं. स्वयंपाकघरात ओट्याखाली विजयाचा सागवानी पाट होता. पाट म्हणजे बसायचा, पण ती त्यावर उभी राहून स्वयंपाक करायची. एकोणीस वर्षं. तिची सवय.
सुकदेवने पाट हातात घेऊन उजेडाकडे धरला. दोन पावलांच्या जागी पॉलिश पार गेलं होतं. म्हणाला, काका, हा कोणाचा तरी हाये. दुसरं काहीतरी बघू. मी म्हटलं, आता कोणी वापरत नाही. तो म्हणाला, पक्कं? मी म्हटलं, काप.
चार तुकडे केले. सोफा अजिबात हलत नाही.
हात धुताना सुकदेव ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला, ओटा लई उंच घेतला काका. आमच्या बाईला इथं भाकर नई थापता येणार. मी सांगितलं, छत्तीस इंच. स्टँडर्ड. मीच काढलं होतं ड्रॉइंग.
त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा, तुम्हाला बरोबर हाये, म्हणाला.
ओटा घातला तेव्हा विजया काहीतरी म्हणाली होती. नेमकं आठवत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आरसा बसवला. दारासमोरच्या भिंतीवर, पाच बाय तीन. हॉल दुप्पट दिसतो. दोन्ही रिकामे दिसतात, पण तो माणसांचा प्रश्न आहे, आरशाचा नाही.
प्रमिलाताई डबा परत न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. अगंबाई, पाहुणे आलेत वाटतं, म्हणाल्या. मग स्वतःला ओळखलं. पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. या घरात बऱ्याच दिवसांनी.
मी स्वतः दोनदा "कोण?" म्हणून ओरडलो, ते त्यांना सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी
सोफा पहिल्यांदा पूर्ण उघडून पाहिला. आधी उघडायचं कारण नव्हतं.
उघडल्यावर बाथरूमचं दार उघडत नाही. स्वयंपाकघराचंही नाही. दोन्ही दारं हॉलमध्ये उघडतात. प्लॅनवर सोफा बंद दाखवला होता. बंद असताना माप तंतोतंत आहे.
सुकदेवला फोन केला. तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, सॉरी काका. साड्या उचला ना. मी म्हटलं, नेटवर्क नाही.
उपाय : झोपण्याआधी सर्वांनी बाथरूमला जाऊन येणे. शिस्त लावली की लागते.
बेडरूमच्या दारापर्यंत जाऊन आलो. वरची साडी जांभळी आहे. लाइट बंद केला.

१४ फेब्रुवारी
दुपारी श्रुती आणि सोनी आल्या. सोनी चार वर्षांची आहे. आरशासमोर नाचली. म्हणाली, आजोबा, तुमच्याकडे अजून एक सोनी आहे. सोफ्याचं कौतुक झालं. श्रुतीने हात फिरवून पाहिला. छान आहे हो बाबा, एवढं केलंत, म्हणाली. मी तिला ग्राफ पेपर दाखवला.
हे मला तुझ्या आईच्या वेळी जमलं असतं तर, असं काहीसं मी म्हणणार होतो.

१५ फेब्रुवारी
कालची हकीगत. मी स्वयंपाकघरात झोपलो. मध्येच सोनीला शू लागली. गादी गुंडाळा, सोफा बंद करा, दार उघडा. परत सोफा उघडा. असं तीनदा. तिसऱ्यांदा उशीर झाला. रिजेक्ट पीसचं कापड पाणी धरून ठेवतं.
मला बाहेर येऊन मदत करता आली नाही. सोफा बंद होईपर्यंत माझं दार उघडत नव्हतं. आतून सूचना देत होतो. श्रुती म्हणाली, बाबा, तुम्ही गप्प बसा.
सकाळी तिने बेडरूमचं दार उघडलं. पलंगाकडे बघत उभी राहिली. म्हणाली, मी इथे झोपले असते. आईच्या साड्यांशेजारीसुद्धा झोपले असते.
मी म्हटलं, डास आहेत.
दुपारी ती उद्याच्या तयारीला लागली. कणीक मळायला ओट्याशी गेली आणि म्हणाली, बाबा, आईचा पाट कुठंय? हात पुरत नाही माझा. उंची आईवर गेली आहे तिची.
मी म्हटलं, शोधतो.
अर्धा तास शोधला. ओट्याखाली वाकून पाहिलं. माळ्यावर चढलो. गॅलरीत गेलो, पिंपामागे पाहिलं. सोनी माझ्या मागे मागे. ती प्रत्येक जागी म्हणायची, इथे नाहीये. मीही म्हणायचो, इथे नाही. घामाघूम झालो. श्रुती म्हणाली, राहू द्या, दमाल. मी म्हटलं, असेल इथंच कुठेतरी.
हे लिहिताना कान तापले आहेत. पण झालं ते असं.

१६ फेब्रुवारी, रविवार
श्राद्ध. गुरुजी नऊला येणार होते. त्याआधी श्रुतीने केर काढला. सोफ्याखाली झाडू घातला आणि थांबली. खाली बसली. मग आडवी होऊन पाहिलं.
म्हणाली, हा पाट आहे?
मी म्हटलं, पॅकिंग आहे.
ती म्हणाली, काल तुम्ही शोधत होतात.
आरशात आम्ही दोघं दिसत होतो. भिंत निवडण्यात चूक झाली.
ती उठली. केर भरला. हात धुतले. म्हणाली, बाबा, एक विचारू? ओटा तुमच्या उंचीचा केलात. स्वयंपाक कोण करणार होतं?
मग कणकेचा डबा उचलला आणि समोर प्रमिलाताईंकडे गेली. चाल अगदी तीच. डबा कमरेवर, दुसऱ्या हाताने दार ओढून घेणं. सगळा स्वयंपाक तिकडून आला. पिंड मी ठेवला. कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिलेली नाही त्यांची.
गुरुजींना काय माहीत?
रात्री दोघी प्रमिलाताईंकडे झोपल्या.

१७ फेब्रुवारी
एक दिवस आधीच गेल्या. सोनीला वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवायचे राहिले. बसस्टँडवर तिने विचारलं, सिंहाला घरात जागा असते का? श्रुती म्हणाली, असते, त्याने मोजलेली नसते म्हणून. आणि हसली. मला बरं वाटावं म्हणून हसली. वाटलं नाही.
बस निघताना खिडकीतून म्हणाली, जांभळी मी नेलीय. बाकीच्यांचं सावकाश करा.

१८ फेब्रुवारी
सहाला उठलो. चहा.
२६ जानेवारीला लिहिलं आहे की नेमकं आठवत नाही. आठवतं. ओट्याची वीट अजून रचायची होती. विजया गवंड्याला सांगायला आली होती, चार इंच कमी करा. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, स्टँडर्ड आहे, सवय होईल. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ओट्यापुढे पाट होता. त्यावर मी एकदाही काही विचारलं नाही. एकोणीस वर्षं त्याला मी तिची सवय म्हणत आलो.
सोफ्याखालचे चारही तुकडे काढले. धुतले. स्वयंपाकघरात ओट्यापुढे जमिनीवर जुळवून ठेवले. करवतीने खाल्लेली जागा सोडली तर जुळतात. पावलांच्या जागा मधल्या दोन तुकड्यांवर आल्या. मी त्यांच्या बाजूला उभा राहिलो.
कांदा चिरला. वाटीभर तांदूळ, मूठभर डाळ. कुकर लावला. कुठेही वाकावं लागलं नाही. ओटा मला बरोबर बसतो.
तीन शिट्ट्यांनी गॅस बंद केला. उभ्यानेच जेवलो. ताट घासून पालथं घातलं.