कालव्याच्या दरवाजावरची चुनरी

४ ऑगस्ट
कालवा काही जमत नाही! हर्षलदादाने रेल्वेगेममध्ये सुरत–नंदुरबार मार्ग बांधायला घेतला होता. बाकी सगळं मी ओढत आणलं, पण बारडोलीपुढे त्याने कालव्यासाठी सोडलेली जागा अजून बोडकी. मला हवाय आपला साधा पाण्याचा दरवाजा. नेटवर इतर खेळणाऱ्यांनी बनवून टाकलेली सापडतात ती विलायती लॉक — बोटी वर-खाली चढवायची दुहेरी फाटकं. आपल्या कालव्यात म्हैस डुंबते, बोट कुठली!

आबा दारातून म्हणाले, "त्यानी अर्ध सोडं, ते तू कशाले पुरं करस?" त्यांनीच या खेळावरून दादाच्या कानफटात मारली होती. त्याच संध्याकाळी तो गेला. कालव्याच्या काठी बाइक सापडली, दादा नाही. दोन वर्षं झाली. मध्येच कधीतरी आबांनी त्याच्या फोटोला हार घातला. आई त्या भिंतीकडे बघत नाही.

५ ऑगस्ट
काही नाही. डोळे दुखले फक्त.

७ ऑगस्ट
एक लॉक मिळालं, गेल्याच आठवड्यात कुणी फुकट टाकलेलं. विलायतीच — पण कठड्याला चुनरी बांधलीय! आषाढात तापीच्या जन्मदिवशी घाटावर वाहतो तशी! सुरतबाहेर कुणाला सुचेल हे?

बनवणाऱ्याचं खरं नाव नाही. "कोण तुम्ही?" म्हणून मेसेज टाकला. उत्तर नाही.

स्वतःलाच बजावलं: तेजू, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग करू नकोस.

८ ऑगस्ट
आईला स्क्रीनसमोर बसवलं. "हाई ते मन्ही चुनरी शे!"

म्हटलं, चुनऱ्या सगळ्या सारख्याच. तिने टोकाला बोट लावलं. हिरवी लेस, आणि शेवटची वीतभर जांभळी. आमचीच! आबांनी कापड कारखान्यातून आणलेल्या तुकड्यांची चुनरी आई दरवर्षी शिवते. हिरवी लेस संपली म्हणून जांभळी जोडली, तेव्हा मीच हसले होते — "तापीमाय नापास करील तुला!"

आई रडेना, हसेना. नुसतं "मना पोऱ्या, मना पोऱ्या." दादा जिवंत आहे! जिवंत!!

९ ऑगस्ट
आत्ता लक्षात आलं. ताटावरून उठून लिहितेय.

जांभळी लेस यंदाची. दादा गेला तेव्हा नव्हतीच ती! म्हणजे यंदा तो घाटावर होता. आमच्या मागे, टोकाची लेस दिसेल इतका जवळ. आणि हाक मारली नाही! आई तिथे त्याच्यासाठी हात जोडून उभी होती. इतका राग आलाय की लिहवत नाही.

आबा पाळीवरून आल्यावर सांगितलं. म्हटलं, तुम्हीही होतात ना तिथे. ते तसेच बाहेर गेले. जेवले नाहीत.

१० ऑगस्ट
फोटोवर हार नाही. आबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "लिख त्याले — पुढला साले बाप घाटवर येवाव नही. तू मायले भेटी जाय."