शशीची मोटार घाटातच

मंगळ., ४ नोव्हें.
पुन्हा छापायच्या त्या जुन्या कादंबरीचा चौथा भाग परत वाचला. शशीची मोटार फोंडा घाटात, ब्रेक गेलेला, मागे दोन मैत्रिणी. खाली एक ओळ: पुढील हकिगत पाचव्या भागात. आणि पाचवा कुठेच मिळत नाही. नव्वदेक वर्षांपूर्वी मुलींच्या हाती मोटार देणारी ही बाई कोण? मुखपृष्ठावर फक्त 'एक भगिनी, खारेपाटण'. प्रकाशक म्हणतो, "मॅडम, शेवटाशिवाय कसं छापू?" बरोबरच आहे त्याचं. पण डोकं फिरतं.

रवि., ९
खारेपाटण, तिसरी खेप. एकदाचं घर सापडलं. भगिनी म्हणजे बाजारातल्या कापडवाल्यांची आजी. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "पुस्तका होती गो. वाळवी लागली. रद्दीत कशी घालतलंव? पयल्या पानार गणपतीचा चित्र. गणपतीवांगडा न्हयत सोडलंव."
कधी?
"ह्याच वर्षी."
गणपतीबरोबर नदीत, म्हणजे दोनच महिने झाले! मी तेव्हा पुण्याच्या ग्रंथालयांना मेल करत बसलेले. बरं, रागावणार कुणावर? आमच्या नांदगावातही देवाची कॅलेंडरं नदीतच जातात. चहा घेतला, पोहे नाही घेतले.
निघताना: "वैभववाडीक आत्येक इचार. तिका म्हायत आसतला."

बुध., १२
वैभववाडी. आत्या म्हणजे लेखिकेची मुलगी, पंच्याऐंशीच्या पुढे. लेखिकेचं नाव कळलं: द्वारका. बरं वाटलं, दहा मिनिटं.
शेवट विचारला. शशीने मोटार दगडाला टेकवून थांबवली. चहानंतर म्हणे, छे, थांबवलीच नाही, थेट पायथ्याला नेली.
"आत्या, खरा कुठला?"
"आये दर खेपेक येगळो सांगी."
रेकॉर्डर बंद केला. स्टेशनवर चरफडत बसले.

शनि., १५
प्रकाशक: "तुम्हीच लिहून टाका ना शेवट. कुणाला कळतंय?" फोन आपटला. माणूस आहे की कोण!
दुपारी आत्यांचा फोन. "गो, एक सांगूक इसारलंय. पाचवो भाग आयेन लिवल्यानच नाय. आज्यान दवत उचलून ठेयल्यान. मगे भाकऱ्यो भाजताना आमका सांगी."
म्हणजे नदीत गेलं त्यात पाचवा नव्हताच. हायसं वाटायला हवं होतं. दिवसभर नुसता संताप. द्वारकाबाईंच्या त्या सासऱ्याचा, त्या दौतीचा.

सोम., १७
आत्यांकडे जाऊन आले. आज तिसरा शेवट: मैत्रिणी खाली उतरल्या, शशी एकटीच मोटार घेऊन गेली. कुठे गेली? "ता आयेन कधी सांगूक नाय."
प्रकाशकाचे चार कॉल आले. उचलले नाहीत. सांगू काय त्याला?